रक्तातलं कॅल्शियम: ताटाआधी गोळ्यांचा डबा उघडा

प्रश्न : सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. गुडघेदुखीसाठी दिवसाला दोन कॅल्शियमच्या गोळ्या आणि दुधातून घ्यायची ड जीवनसत्त्वाची पुडी वर्षभर चालू आहे. शेजारणीनं सांगितलं म्हणून ताकात चुनाही घेतात. महिनाभर बद्धकोष्ठ, सारखी तहान, अंगात त्राण नाही. कॅल्शियम ११.४ आलं. दूध, नाचणीची भाकरी, आंबील सगळं बंद केलं, तरी पंधरा दिवसांनी ११.६. आता आणखी काय बंद करू? (एक सूनबाई, खानापूर तालुका)

उत्तर : ताई, भाकरी बंद केलीत आणि गोळ्या चालू ठेवल्यात, इथंच गाडी चुकली. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. एका भाकरीला ५० ग्रॅम पीठ धरलं तर झालं १७५, आणि आतडं त्यातलं थोडंच उचलतं. ज्या गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तशा दोन म्हणजे जवळजवळ सहा भाकऱ्यांचं!

खरी शंका मात्र पुडीची. ६०,००० युनिटची पुडी साधारणपणे आठवड्याला एक अशी आठ आठवडे देतात, पुढं महिन्याला एक. चिठ्ठीचा कागद हरवतो आणि पुडी आठवड्याला चालूच राहते. कुणी तर चुकून रोज घेतं. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, म्हणून पुडी थांबवल्यावरही कॅल्शियम कित्येक आठवडे, कधी काही महिने चढंच राहतं. रक्तातलं २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी तपासा. १५०च्या वर असेल तर कारण बहुतेक सापडलं. गोळीच्या पाकिटावर ‘कॅल्सिट्रिऑल’ लिहिलंय का, तेही बघा. तो ड जीवनसत्त्वाचा तयार, जोरकस प्रकार. या तपासणीत तो दिसत नाही.

चुन्याचं म्हणाल, तर १ ग्रॅम कोरड्या चुन्यात सुमारे ५४० मिलिग्रॅम कॅल्शियम. गव्हाच्या दाण्याएवढ्या ओल्या चुन्यात ते फार नसतं. पण ‘गुण येईना’ म्हणून दाण्याचं चमच्याचं टोक होतं, तेव्हा हिशेब बदलतो. शिवाय चुना अल्कधर्मी. कॅल्शियम आणि अल्क एकत्र जास्त गेले की मूत्रपिंडाला कॅल्शियम बाहेर टाकणं जड जातं. दिवसभर पान चघळणाऱ्यांनी आणि जळजळीसाठी कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळ्या चॉकलेटसारख्या खाणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं.

तेव्हा गोळ्या, पुडी आणि चुना आजपासून थांबवा, आणि सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांसमोर मांडा. (थायरॉइडच्या ऑपरेशननंतर ज्यांना कॅल्शियम चालू आहे, त्यांनी ते स्वतःहून कधीच थांबवू नये.) रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल तर तेही विचारा, ही औषधं लघवीवाटे जाणारं कॅल्शियम अडवतात. ती मात्र मनानं सोडायची नाहीत, बदलून घ्यायची. ड जीवनसत्त्व फार वाढलेलं निघालं, तर काही आठवडे दूध आणि नाचणी कमी ठेवायला डॉक्टर सांगतील. तेवढ्यापुरता तुमचा उपाय बरोबर ठरेल.

हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल तर दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी प्यावं. अंगातलं पाणी आटलं की कॅल्शियम आणखी चढतं. उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणं सुरू झालं किंवा आकडा १४च्या पुढं गेला, तर घरी पाणी पाजत बसू नका. त्यांना सलाइन लागेल, दवाखाना गाठा.

प्रश्न : वय ५२. कॅल्शियम ११.२, पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक) वाढलेलं. पॅराथायरॉइडचं ऑपरेशन करायचं ठरतंय. तोवर दूध, दही, तीळ पूर्ण सोडले आहेत. बरोबर ना? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : नाही. तुमचं दुखणं वेगळं. मानेत मसुराच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यातली एखादी वाढून बेलगाम होते आणि हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओतते. जेवणातलं कॅल्शियम तोडलं तर पीटीएच आणखी वाढतं आणि हाडं पोखरतात. म्हणून दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम, म्हणजे चारचौघांएवढंच, जेवणातून जाऊ द्या. २०० मिलिलिटर दूध, वाटीभर दही, एक नाचणीची भाकरी, पालेभाजी चालेल. कुंदा सणासुदीला खा, पण तो आटवलेल्या दुधाचा आहे हे विसरून अर्धा किलो संपवू नका.

वेगळ्या कॅल्शियमच्या गोळ्या मात्र नकोत. ड जीवनसत्त्व २०च्या खाली असेल तर डॉक्टर रोजचा लहान डोस देतील. ६०,०००ची पुडी दुकानातून आपली आपण आणू नये. बायोटिनच्या गोळ्या केसांसाठी घेत असाल तर प्रयोगशाळेत आधी सांगा, काही यंत्रांवर त्यानं पीटीएच खोटं कमी दिसतं. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिनही बघून घ्या: ते ४च्या खाली जेवढं असेल, त्याच्या दर १ ग्रॅमला कॅल्शियमच्या आकड्यात ०.८ मिळवायचे. अल्ब्युमिन ३ आणि कॅल्शियम १० असेल, तर खरा आकडा १०.८.

प्रश्न : बोअरच्या पाण्यानं घागरीला पांढरा थर बसतो. त्यानं रक्तातलं कॅल्शियम वाढतं का? (चिकोडी)

उत्तर : नाही. पाण्याचा कडकपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात मोजतात. तो लिटरला ३०० मिलिग्रॅम आला आणि सगळा कॅल्शियमचा धरला, तरी त्यात कॅल्शियम १२०च. तीन लिटरचे ३६०. आतडी, ग्रंथी, मूत्रपिंडं ठीक असतील तर शरीर तेवढं सहज सांभाळतं. थर लिंबानं घासून काढा.