बूट बाहेर काढ

प्रिय मुली,

व्हर्सिटीच्या, म्हणजे कॉलेजच्या मुख्य संघात निवड झाली नाही म्हणून तू व्हॉलीबॉलचे बूट बॅगेच्या तळाशी घालून ठेवलेस, असं तुझी आई सांगत होती. आधी ते बाहेर काढ.

मिशिगनच्या छोट्या ख्रिस्ती कॉलेजांतलं व्हॉलीबॉल फार वरच्या दर्जाचं आहे. ग्रँड रॅपिड्सच्या कॅल्विनच्या मुलींनी २०१०, २०१३ आणि २०१६ मध्ये तिसऱ्या डिव्हिजनचं, म्हणजे कॉलेज-खेळांच्या तिसऱ्या गटाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, आणि २०१४ मध्ये होप कॉलेजच्या मुलींनी. तिथे नाव लागलं नाही तर त्यात कमीपणा नाही. पण म्हणून नुसतं गॅलरीत बसून टाळ्या वाजवू नकोस. मी पहिली सगळी थंडी तेच केलं. कुणीतरी मला बोलावेल म्हणून वाट बघत राहिले. कुणी बोलावत नाही गं, यादीत आपणच नाव घालायचं असतं.

इंट्राम्युरल म्हणजे कॉलेजच्या भिंतींच्या आतले सामने. हॉस्टेलचा एक मजला विरुद्ध दुसरा मजला. निवड चाचणी नाही, जिंकलं तर बक्षीस एक टी-शर्ट. माझा अजून कपाटात आहे. हात आखडलेला असला तरी चालतं. माझी पहिली सर्व्हिस नेटखालून गेली, तर पलीकडच्या संघातली मुलगी बॉल परत देताना म्हणाली, 'पुन्हा मार.' त्या हॉलमध्ये जेवढ्या मैत्रिणी मिळाल्या, तेवढ्या वर्गात मिळाल्या नाहीत.

तुला खरी धास्ती प्रार्थनेची आहे, हे मला ठाऊक आहे. सामन्याआधी मुली रिंगण करतात, हात धरतात, कॅप्टन दोन वाक्यं बोलते. कुणाला दुखापत होऊ नये, खेळ चांगला व्हावा, एवढंच. तू खो-खोच्या मैदानात उतरताना माती कपाळाला लावायचीस ना? तसंच समज. हात धर, मान खाली घाल, मनात काय म्हणायचं ते तुझं तू ठरव. नकोसं वाटलं तर बाजूला उभी राहा आणि कॅप्टनला आधीच सांगून ठेव. माझ्या कॅप्टनने एवढंच विचारलं होतं, 'तुम्ही घरी काय म्हणता?' आणि व्हॉलीबॉल हा खेळच १८९५ मध्ये अमेरिकेतल्याच होल्योक गावच्या वायएमसीएमध्ये, विल्यम मॉर्गन नावाच्या शिक्षकाने काढला. ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेतून निघून तो तुमच्या शाळेच्या पटांगणापर्यंत आला. तू तिथे परकी नाहीस.

दुसऱ्या वर्षी क्लबात जा. क्लब मुलीच चालवतात. वर्गणी, गाडी, दुसऱ्या कॉलेजांशी सामने ठरवणं, सगळं त्यांच्याच अंगावर. आम्हाला हॉल मिळायचा रात्री साडेदहाला, मुलांच्या क्लबाला सात वाजता. कुरकुर करून काही हललं नाही. मग आम्ही महिनाभर दोघांच्या वेळा एका वहीत लिहिल्या आणि ती वही क्रीडा विभागाच्या टेबलावर ठेवली. पुढच्या सत्रात मंगळवारची सातची वेळ आमची झाली. शिक्षणात मुलगा-मुलगी असा भेदभाव करू नये असं सांगणारा १९७२ चा टायटल नाइन कायदा फक्त व्हर्सिटीपुरता नाही. त्याच्या नियमांत क्लब आणि इंट्राम्युरल हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. भांडायची वेळ आली तर वही घेऊन जा.

आणखी एक. इंट्राम्युरलचे पंच बहुतेक ठिकाणी विद्यार्थीच असतात आणि त्याचे पैसे मिळतात. ते काम कॅम्पसवरचं असल्यामुळे तुझ्या एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर चालतं, सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या आत. मेसमध्ये ताटं विसळण्यापेक्षा शिट्टी बरी.

गुडघ्याचे पॅड नसतील तर माझे आहेत, थोडे सैल झालेत, पाठवते. मजल्यावरच्या आरएला, म्हणजे मजल्याकडे लक्ष ठेवणाऱ्या विद्यार्थिनीला आजच विचार, नावं कधीपर्यंत घेतात ते.

तुझी,
मावशी