फुरसं एवढंसं असतं, तरी त्याला इतकं का घाबरतात?

घाबरावं असाच साप आहे. लांबी जेमतेम दीड-दोन फूट, रंग मातीचा, डोक्यावर बाणासारखी खूण. कोकणातल्या कातळावर, जांभ्याच्या दगडाखाली बसलेलं फुरसं नजरेला पडतच नाही आणि गवत कापताना हात थेट त्याच्यावर जातो. डिवचलं की वेटोळं करून खरखरीत खवले एकमेकांवर घासतं. करवत चालवल्यासारखा आवाज येतो. तो ऐकताच मागे सरा, कारण झेप विजेसारखी असते. विषाने रक्त गोठेनासं होतं, हिरड्यांतून रक्त येऊ शकतं. दंश झाला तर चिरा देणं, आवळून बांधणं नको, ताबडतोब रुग्णालय. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं. आणि हो, फुरसं अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देतं.