एका आमदाराचा नकार

प्रश्न : कॅनडातील ‘मीच लेक’ करार १९९० मध्ये एका आमदारामुळे बारगळला, असे म्हणतात. ते कितपत खरे आहे?

उत्तर : अर्धेच खरे आहे. क्यूबेक या फ्रेंचभाषक प्रांताला ‘वेगळा समाज’ म्हणून मान्यता देणारा हा करार पंतप्रधान ब्रायन मलरोनी आणि दहाही प्रांतांच्या मुख्यमंत्र्यांनी १९८७ मध्ये केला होता. परंतु २३ जून १९९० पूर्वी प्रत्येक प्रांताच्या विधिमंडळाने त्यावर शिक्कामोर्तब करणे आवश्यक होते. आपल्याकडे संघराज्यविषयक घटनादुरुस्तीला निम्म्या राज्यांची संमती पुरते. तिथे एकही प्रांत गळून चालणार नव्हता. मुदत संपत आल्याने मॅनिटोबा प्रांताच्या सभागृहात नियम बाजूला ठेवून चर्चा घेण्याचे ठरले आणि त्यासाठी सर्व सदस्यांची एकमुखी संमती हवी होती. मूलनिवासी समाजाचे आमदार एलायजा हार्पर यांनी हाती गरुडाचे पीस धरून ती पुन्हा पुन्हा नाकारली, कारण करारात मूलनिवासींच्या हक्कांना स्थानच नव्हते. हा आक्षेप मला रास्त वाटतो. मात्र न्यूफाउंडलंडचे मुख्यमंत्री क्लाइड वेल्स यांनीही अखेरीस मतदान घेतले नाही, हे सहसा सांगितले जात नाही.

परिणाम दूरगामी झाले. करार सौम्य करण्याच्या हालचालींमुळे मे महिन्यातच मंत्रिपद सोडलेल्या ल्युसियन बुशार यांच्या नेतृत्वाखाली ‘ब्लॉक केबेक्वा’ पक्ष उभा राहिला आणि १९९३ च्या निवडणुकीनंतर क्यूबेकच्या स्वातंत्र्याची मागणी करणारा हाच पक्ष कॅनडाच्या संसदेत अधिकृत विरोधी पक्ष झाला.