एचआयव्ही रिसर्चमध्ये नवीन आहेस? सायटेशनची घाई नको

अभिनंदन, पहिला पेपर आला! सायटेशन, म्हणजे इतरांनी आपल्या पेपरमध्ये तुझ्या पेपरचा दिलेला संदर्भ, लगेच मोजत बसू नकोस. आता आधी ऑर्किड आयडी (ORCID, संशोधकाचा स्वतःचा कायमचा ओळख क्रमांक) काढ, फुकट मिळतो, आणि प्रत्येक पेपरवर नाव एकाच पद्धतीने लिही. आपल्याकडे कधी वडिलांचं नाव मधे, कधी नुसती इनिशियल, लग्नानंतर आडनाव वेगळं, मग एकाच माणसाचे पेपर तीन प्रोफाइलवर विखुरतात आणि ते निस्तरताना जीव जातो.

सुरुवातीला सगळे चुकतात ते इथे:
- गुगल स्कॉलरचा एच-इंडेक्स (५ पेपरना प्रत्येकी किमान ५ सायटेशन असतील तर ५, असा आकडा) स्कोपसशी, म्हणजे निवडक जर्नल्सच्या डेटाबेसशी, ताडून बघणं. स्कॉलर थिसिस, प्रीप्रिंटही (तज्ज्ञांनी तपासण्याआधीच ऑनलाइन टाकलेले पेपर) मोजतं, आकडा जास्तच येणार.
- 'पैसे भरा, आठवड्यात छापतो' अशा मेलला भुलणं. प्लीज नको.
- सीनियरशी तुलना. एच-इंडेक्स वयाबरोबर वाढतो, कमी होतच नाही.

आणि नुसत्या आकड्यावर जाऊ नकोस गं. एचपीटीएन ०५२ बघ, एचआयव्हीचा प्रसार रोखण्याची मोठी चाचणी, २०११ चा पेपर, पुण्याची नारी (NARI, राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था) सुद्धा त्यात होती. एचआयव्ही असलेल्या माणसाला लवकर औषधं सुरू केली तर जोडीदाराला लागण ९६ टक्क्यांनी कमी होते हे त्यातून दिसलं, उपचारांची धोरणं बदलली. सायटेशन प्रचंड आहेत, पण लेखकही ढीगभर, त्यामुळे तुझं काम नेमकं काय होतं हे प्रत्येक पेपरपुढे एका ओळीत लिहून ठेव, इंटरव्ह्यूत तेच विचारतात.

फील्डनुसार नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या विषयांतले सायटेशन एका मापात आणणं) वगैरे नंतर बघू.