मामाला सरळ विचार

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझ्या मागं घरातली माणसं होती, नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहून पाठवतोय. मामा फौजेतून पेन्शनवर आल्यापासून गप्प असतो, रात्री अंगणात येरझाऱ्या घालतो, आणि परवा जेवताना म्हणाला, "आता माझा कुणाला काय उपयोग." बाकीच्यांनी ते कानाआड केलं. तू केलं नाहीस, हे फार चांगलं झालं.

जीव द्यायचा विचार येतो का असं त्याला विचारलं, तर नसलेला विचार त्याच्या डोक्यात शिरेल, ही तुझी भीती. नाही शिरणार. मानसोपचारतज्ज्ञ हेच सांगतात, आणि मीही पलटणीच्या एमआय रूममध्ये, म्हणजे तिथल्या छोट्या दवाखान्यात, नर्सिंग असिस्टंट म्हणून नोकरी काढली, तिथं हेच पाहिलं. विचार असेल तर तो आधीपासूनच असतो. कुणी विचारलं की त्याचं ओझं थोडं तरी हलकं होतं.

मामा आपणहून का सांगत नाही, ते समजून घे. फौजेत जवानाची मेडिकल कॅटेगरी ठरते. शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, असला की तो निर्धास्त. झोप लागत नाही, उगाच रडू येतं असं डॉक्टरांपुढं बोललं तर कॅटेगरी खाली जाईल, प्रमोशन अडकेल, पोरं काय म्हणतील, ही धास्ती असते. त्यामुळं गुडघा दुखला तर जवान सिक रिपोर्ट करतो, म्हणजे आजारी म्हणून डॉक्टरकडं जातो, मनाचं मात्र गिळून टाकतो. इतकी वर्षं अंगवळणी पडलेलं गावात आल्यावर सुटत नाही. आता कॅटेगरी राहिली नाही, आणि मनाच्या डॉक्टरकडं गेल्यानं पेन्शनमधला एक पैसाही कापला जात नाही. हे त्याला माहीत असेल असं धरून चालू नकोस, तोंडानं सांग.

दुसरी गोष्ट घरच्यांच्या लक्षातच येत नाही. इतकी वर्षं मामा या घरी आला तो रजेवर. रजेवर आलेल्या फौजीचा थाट वेगळा असतो. मटण शिजतं, पाव्हणे येतात, पोरं अंगाखांद्यावर खेळतात, आणि रजा संपली की तो जातो. आता तो कायमचा आलाय आणि घर त्याच्यावाचून चालायला शिकलंय. पाण्याची पाळी, शाळेची फी, सोसायटीचं कर्ज, सगळं मामीनं सांभाळलं. पोरं काही विचारायचं झालं तर आईला विचारतात. इथं कुणाचं चुकलंय असं मी म्हणणार नाही. पण पलटणीत सकाळच्या फॉलइनला, म्हणजे हजेरीच्या रांगेत, एक माणूस कमी दिसला तरी शोधाशोध व्हायची, जोडीला बडी, म्हणजे ठरलेला जोडीदार, असायचा. चाळिशीच्या आत-बाहेर पेन्शनवर आलेल्या या माणसाची गावात हजेरी कोण घेतं? फंडाचे पैसे घरात आणि भावकीच्या उसनवारीत गेले, कारखान्याच्या गेटवर बारा तासांची ड्यूटी करायची, रात्री फौजी कँटीनची रम. त्या रमकडं लक्ष ठेव. दारूच्या अमलात माणूस असं पाऊल उचलतो जे शुद्धीत उचललं नसतं.

आता विचारायचं कसं. सगळ्यांसमोर नको, समोरासमोर बसवूनही नको. त्याच्याबरोबर वैरण काढायला जा, मोटर चालू करायला जा. आधी जे पाहिलंस ते सांग: मामा, तू रात्र रात्र झोपत नाहीस, जेवत नाहीस, मला काळजी वाटते. मग सरळ विचार: "जीव द्यावा असं मनात येतं का?" आडून आडून विचारशील तर उत्तरही आडूनच येईल. एका नाईकला मी हे विचारलं तेव्हा तो बुटाची लेस सोडत होता. हात तिथंच थांबले. बराच वेळ मान वर केली नाही, मग म्हणाला, "रोज." त्या एका शब्दानंतर तो तासभर बोलला, मी फक्त ऐकलं. तूही ऐक. "फौजी असून असं काय," "पोरांकडं बघ," "देव आहे ना" यातलं काही बोलू नकोस. यातल्या प्रत्येक वाक्यानं माणूस परत कुलूप लावतो. आणि कुणाला सांगणार नाही अशी शपथ घालायला लागला, तर घेऊ नकोस.

हो म्हणाला, तर त्याला एकटं सोडायचं नाही. त्याची परवान्याची बंदूक घराबाहेर गेली पाहिजे. निवडणुकीत जमा करतो तशी ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडं ठेवता येते. काडतुसंही गेली पाहिजेत. फवारणीची औषधं दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेव. तुला वाटेल, ज्याला करायचंच आहे तो काहीही करेल. तसं नसतं. जीव द्यायची ती तीव्र घटका बहुतेकदा येते आणि ओसरते. त्या वेळी हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांतले बरेच जण पुढं नीट जगतात. घटका कठीण वाटली तर 112 लावा किंवा जवळच्या कुठल्याही दवाखान्यात न्या. तातडीच्या वेळी ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, यादीतलंच हॉस्पिटल हवं असं नाही, फक्त योजनेच्या पॉलिक्लिनिकला (दवाखान्याला) 48 तासांच्या आत कळवायचं. पोलीस केसच्या भीतीनं घरात कोंडून ठेवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2018 मध्ये लागू झाला, तेव्हापासून असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं आणि सरकारनं त्याची काळजी घ्यायची असते.

एवढी घाई नसेल, तर कार्ड घेऊन पॉलिक्लिनिकला जायचं आणि मानसोपचाराचं रेफरल मागायचं. नुसता पत्ता त्याच्या हातात देऊ नकोस, बरोबर जा. रांगेत बसून मन फिरतं आणि माणूस परत येतो. मधल्या काळात टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, 14416, रात्री-अपरात्रीही फुकट, मराठीतून बोलता येतं. मामा बोलायला तयार नसेल तर तू स्वतः फोन करून सल्ला घे. सैन्यदलांसाठी टेली-मानसचा वेगळा कक्ष डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, सुरू झाला, म्हणजे फौजेनंही हा आजार मान्य केलाय, हे मामाला आवर्जून सांग. पैशाचं किंवा नोकरीचं दुखणं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या कल्याण संघटकाला भेटायचं. पण सगळ्यात आधी त्याच्या पलटणीतल्या जोडीदाराचा नंबर शोध. फौजी घरच्यांचं ऐकणार नाही, जोडीदाराचं ऐकतो.

एक खूण लक्षात ठेव. अचानक शांत झाला, मेडल पोरांना वाटायला लागला, पासबुक आणि पेन्शनचे कागद मामीला समजावून द्यायला लागला, तर सुधारला म्हणून निश्चिंत होऊ नकोस. त्याच दिवशी विचार.

मामीलाही कुणीतरी हवं. तीही ईसीएचएसच्या कार्डावर आहे, तिलाही डॉक्टरशी बोलता येईल. आणि तू हे सगळं एकटीनं उचलू नकोस. तुझ्या आईला हे पत्र दाखव.

मी रविवारी सकाळच्या एसटीनं येतोय. मामाला खोटं कारण सांगू नकोस, काळजी वाटली म्हणून मला बोलावलंस असंच सांग. पण रविवारची वाट बघू नकोस. आज संध्याकाळीच विचार, आणि तो काय म्हणाला ते मला फोन करून सांग. रात्रीचे कितीही वाजले तरी चालतील.

तुझा,
सुभेदार काका