सोलापुरात चार वर्षं घरबसल्या ट्रेडिंग केलं, आता फायनान्समध्ये नोकरी मिळेल का?

मिळेल, पण नफ्याचे स्क्रीनशॉट दाखवून नव्हे. आधी एनआयएसएम या शेअर बाजारातल्या कामांसाठी परीक्षा घेणाऱ्या संस्थेची परीक्षा द्या. मी इथे एका ब्रोकरच्या शाखेत मुलाखती घेतो. उमेदवाराचा सर्वांत मोठा नफा मी विचारत नाही, तोटा वाढत असताना त्याने काय केलं ते विचारतो. म्हणून कॉन्ट्रॅक्ट नोटा (ब्रोकरने दिलेल्या सौद्यांच्या पावत्या) आणि सौद्यांची वही सोबत आणा. एफ अँड ओचं (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) उत्पन्न धंद्याचं धरतात, त्यामुळे वेळेवर भरलेला आयटीआर-३ (धंद्याच्या उत्पन्नाचं आयकर विवरणपत्र) हा तुमच्या चार वर्षांचा पक्का दाखला. तोट्याचं वर्ष लपवू नका. सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरना तोटाच झाला. तो मान्य करणारा माणूस आम्हाला भरवशाचा वाटतो.

परीक्षा कोणती?
- डीलर (ग्राहकांचे सौदे करणारा): सिरीज ८, इक्विटी डेरिव्हेटिव्ह्ज
- बॅक ऑफिस, रिस्क: सिरीज ७
- रिसर्च: सिरीज १५, पदवीही लागते, आणि ही कामं बहुतेक मुंबईतच

मात्र नोकरी लागली की स्वतःच्या सौद्यांवर बंधनं येतात, कंपनीची परवानगी घ्यावी लागते. ट्रेडिंग पूर्वीसारखंच चालू ठेवायचं असेल, तर हे आधी विचारून घ्या.