भटकंतीचं विचारा : चादरच्या थंडीसाठी कोणती स्लीपिंग बॅग?

प्रश्न : मी ५२ वर्षांची शिक्षिका. जानेवारीच्या शेवटी नवऱ्यासोबत लडाखमधल्या चादर ट्रेकला, म्हणजे गोठलेल्या झंस्कर नदीवरून चालायला, जाणार आहे. आजवर सह्याद्रीत भरपूर आणि एकदा उत्तराखंडात फिरले आहे. रात्री तिथे पारा उणे २५ ते ३० पर्यंत उतरतो असं ऐकलं. पुण्यातल्या एका दुकानात डाऊनची (पिसांची) बॅग पाहिली, पिशवीवर ‘उणे ३०’ लिहिलंय, किंमत २२ हजार. भाचा म्हणतो, साधी बॅग घे आणि आत सगळे कपडे चढवून झोप. मला मुळात थंडी जास्त वाजते. काय करू?
– एक वाचक, सोलापूर

ताई, तुमच्या पत्रातलं ‘मला मुळात थंडी जास्त वाजते’ हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. तिथूनच सुरुवात करू.

तो ‘उणे ३०’ नेमका कोणता आकडा आहे, हे आधी दुकानात विचारा. प्रमाणित चाचणी झालेल्या बॅगवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे वेगवेगळे आकडे असतात. एकाच बॅगचा कम्फर्ट उणे १०, लिमिट उणे १७ आणि एक्स्ट्रीम उणे ३७ असू शकतो. कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण बाई अंग सैल सोडून झोपू शकेल ते तापमान. लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंगाचं मुटकुळं करून रात्र काढेल ते. आणि एक्स्ट्रीम म्हणजे सहा तास जीव तगेल, पण हिमदंश होऊ शकतो. ज्या आकड्यावर माणूस फक्त जिवंत राहतो, तो पिशवीवर ठळक छापून बॅग विकली जाते, याचा मला मनापासून राग येतो.

शिवाय हे आकडे प्रयोगशाळेतल्या पुतळ्यावरून काढतात. तो दिवसभर बर्फावर चाललेला नसतो, त्याला विरळ हवेत अन्न नकोसं झालेलं नसतं. म्हणून तुम्ही फक्त कम्फर्टचा आकडा बघा. चादरसाठी तो उणे २०च्या आसपास हवा. उरलेली तूट थर्मल, टोपी आणि चांगली मॅट भरून काढतील.

आता पिसांबद्दल. आपल्या आजीची गोधडी ऊब देते ती थरांमध्ये हवा अडकते म्हणून. डाऊन, म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या पोटाकडची मऊ लव, हेच काम करते, फक्त वजन अगदी कमी. तिची फुगण्याची ताकद म्हणजे फिल पॉवर. ८०० फिल पॉवर म्हणजे एक औंस, साधारण अडीच तोळे पिसं फुगून ८०० घन इंच जागा भरतात. म्हणजे तेरा लिटर, जवळजवळ एक कळशी! पण ९०० आकडा पाहून हुरळून जाऊ नका. आत पिसं किती ग्रॅम भरली आहेत, हेही विचारा. उणे २०च्या कम्फर्टसाठी ८०० फिल पॉवरची पिसं किलोभराच्या आसपास लागतात. दुकानदार वजन सांगू शकला नाही तर ती बॅग सोडून द्या.

शिवणही पाहा. वरचं आणि खालचं कापड एकत्र आरपार शिवलेलं असेल तर त्या प्रत्येक शिवणीवर पिसं नसतात आणि तिथून थंडी आत येते. कडाक्याच्या थंडीसाठी आत उभ्या पडद्यांचे कप्पे असलेली बॅग लागते. चेनच्या मागे पिसांची जाड पट्टी, गळ्याशी आवळता येणारी कॉलर आणि डोकं झाकणारं हूड, या तीन गोष्टींवर तडजोड नको.

तरीही, हा ट्रेक एकदाच करणार असाल तर २२ हजार खर्चू नका. लेहमध्ये भाड्याने बॅगा मिळतात. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे, हवामानाची सवय व्हायला तुम्ही तिथे तीन दिवस राहणारच आहात. तेव्हा निवांत जाऊन बॅग नीट तपासा. मी हे कळकळीने सांगते, कारण २०११ साली चादरला गेले तेव्हा मी तपासली नव्हती. दिलेली बॅग दिसायला जाडजूड होती. वाटेतल्या तिब्बच्या मुक्कामाला रात्री दोनला जाग आली ती डाव्या कुशीला सुरी लावल्यासारखी थंडी झोंबल्यामुळे. टॉर्च आत धरून पाहिलं, तर पिसांचे ओले गोळे होऊन कप्प्याच्या कोपऱ्यात बसले होते आणि मधे नुसतं कापड. शेजारच्या तंबूतल्या झंस्करी पोर्टर दादांनी रिकामी सॅक माझ्या पायांवर चढवली, पोटाशी गरम पाण्याची बाटली दिली. पहाटेपर्यंत बोटं हलवत बसले.

म्हणून बॅग अशी तपासा. पिशवीतून काढा, झटका आणि तासभर पसरून ठेवा. मग शाळेतली पट्टी उभी धरून मोजा. दोन्ही थर मिळून वीस सेंटिमीटर किंवा जास्त फुगायला हवेत. उजेडासमोर धरा, काळपट गोळे आणि रिकाम्या जागा लगेच दिसतात. वास घ्या. कुबट वास म्हणजे बॅग ओली राहिली होती. आत झोपून चेन दोन्ही बाजूंनी दहा वेळा उघडबंद करा. अंधारात, हातमोजे घालून हेच करायचं आहे.

भाच्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कोरडे थर्मल, लोकरी मोजे, माकडटोपी जरूर घाला. पण जाड जॅकेट चढवून बॅग आतून ताणलीत की पिसं दबतात आणि हवाच उरत नाही. जॅकेट वरून पांघरा.

मॅटबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, आणि मला काळजी तिचीच आहे. तुमच्या वजनाखाली बॅगमधली पिसं चपटी होतात. खालून ऊब मिळते ती मॅटमुळेच. चादरवर तुमच्याखाली नदीकाठची गोठलेली जमीन असणार. मॅटची रोधकता आर-व्हॅल्यूमध्ये मोजतात, ती किमान ५ हवी. एका मॅटवर दुसरी टाकली की दोघींची बेरीज होते, म्हणून साधी फोमची मॅट खाली आणि हवेची वर टाका. वाचवलेल्या पैशांतले थोडे इथे घाला.

ओलाव्याला मात्र खरोखर घाबरा. १९११च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या ब्रिटिश कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझियरला गेले होते. पाच आठवड्यांनी परतले तेव्हा घाम आणि श्वासाची वाफ गोठून त्यांच्या झोपायच्या पिशव्या दुपटीहून जड झाल्या होत्या. तुमच्या बर्फावरच्या रात्री मोजक्याच आहेत, पण नियम तोच. तोंड बॅगेत घालून श्वास सोडू नका, नाक-तोंड बॅगेबाहेर ठेवून वर मफलर घ्या. ओले मोजे आत सुकवू नका. झंस्करच्या घळीत ऊन थोडाच वेळ येतं, ते आलं की बॅग उलटी करून पसरा.

झोपण्याआधी तूप-गूळ, शेंगदाणे असं काही पोटभर खा, कारण बॅग ऊब तयार करत नाही, तुमची ऊब राखते. लघवीला जाणं टाळू नका. घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून, ती उलटी धरून गळत नाही ना पाहून, मोज्यात घालून पायाशी ठेवा. सकाळी तेच प्यायचं पाणी.

प्रश्न : आम्ही घरी शाकाहारी आहोत. पक्ष्यांची पिसं असलेली बॅग वापरणं मनाला पटत नाही. पर्याय आहे का?
– एक वाचक, पुणे

आहे, आणि तुमची अडचण मला पूर्ण कळते. जिवंत पक्ष्यांची पिसं उपटणं ही खरी घडणारी क्रूरता आहे. ती आणि पक्ष्यांना बळजबरीने चारणं टाळणाऱ्या उत्पादकांसाठी २०१४ पासून रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड आहे, पण तरीही पिसं पिसंच.

सिंथेटिक बॅग घ्या. तेवढ्याच उबेला ती जास्त जड आणि मोठी असते, पण ओली झाली तरी बरीच ऊब टिकवते. चादरवर बहुतेक वेळा सामान पोर्टर स्लेजवरून ओढतात, त्यामुळे वजनाची अडचण कमी. मात्र तिचे धागे सतत दाबून ठेवल्याने लवकर बसतात. घरी परतल्यावर पूर्ण सुकवा आणि छोट्या पिशवीत कोंबू नका. जुन्या सुती साडीची मोठी सैल पिशवी शिवा, तीत घालून पावसाळ्यात कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा.